नागपूरहून समुद्रकिनारी जाताना: डासांचा हंगाम, त्यांची वेळ आणि चावा टाळण्याची तयारी

नागपुरात डासांचं वेळापत्रक घराघरांत पाठ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेंग्यूची धास्ती, कोजागिरीपर्यंत सांजवेळी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, दिवाळीनंतर थंडी पडली की मच्छरदाण्या माळ्यावर. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये नाग नदी आणि पिली नदीच्या काठच्या वस्त्यांत पुन्हा थवे उठतात, आणि मग उन्हाचा तडाखा बसला की उघड्यावरचे डास कमी होतात. हेच वेळापत्रक घेऊन दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली, गणपतीपुळे किंवा गोव्याला गेलेलं कुटुंब पहिल्याच संध्याकाळी पोटऱ्या खाजवत बसतं. डिसेंबरात नागपूरची रात्र १०-१२ अंशांवर येते तेव्हा डासाची अळी वाढायलाच मागत नाही. किनाऱ्यावर मात्र त्याच दिवसांत रात्रीचा पारा २० अंशांच्या आसपास असतो. डासाला सुट्टी देणारी थंडी तिथे पडतच नाही. तिथे डास किती असतील हे दोन गोष्टींवरून ठरतं: साचलेलं पाणी किती दिवस हललेलं नाही, आणि वारा वाहतोय की पडलाय.

कोणता डास, कोणत्या वेळी

सगळे डास संध्याकाळी चावतात हा समज सर्वांत महागात पडतो. किनाऱ्यावर तीन जातींशी गाठ पडते आणि तिघांच्या वेळा वेगळ्या आहेत.

पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास म्हणजे एडिस. डेंग्यू, चिकनगुनिया आणि झिका हाच पसरवतो. हा दिवसा चावतो. सूर्य उगवल्यावर पहिले दोन-तीन तास आणि मावळण्यापूर्वीचे दोन-तीन तास तो सर्वांत जोमात असतो; सावलीत आणि घरात मधल्या वेळीही चावतो. आवाज जवळपास येत नाही, चावा घोट्याला किंवा पोटरीला, आणि हाकलला की पुन्हा येऊन दुसरीकडे चावतो. एकाच मादीचे घरातल्या तिघा-चौघांना चावे बसतात ते यामुळेच. उडण्याचा पल्ला छोटा, बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आत. म्हणजे तुम्हाला चावलेला एडिस तुमच्या खोलीच्या किंवा शेजारच्या वाडीच्या पाण्यातच जन्मलेला असतो.

दुसरा अ‍ॅनाफिलीस, मलेरियाचा. हा रात्रीचा. भिंतीवर बसताना शेपटीकडची बाजू वर करून तिरका बसतो, त्यावरून ओळखता येतो. शहरी भागात याची स्टीफेन्सी ही जात विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढते. त्यामुळे हॉटेलशेजारी नवी इमारत उभी राहत असेल तर किनारा कितीही स्वच्छ दिसला तरी रात्रीची मच्छरदाणी टाळू नका.

तिसरा क्युलेक्स. नागपूरच्या नाल्यांवरचा हाच. तपकिरी, कानाशी गुणगुणणारा, गटार, सेप्टिक टँक आणि सांडपाण्यात वाढणारा. हत्तीरोग यानेच पसरतो, आणि विदर्भात या आजाराची ओळख जुनी आहे. रात्री दहा ते पहाटेपर्यंत याचा त्रास जास्त.

याखेरीज पुळणीवर आणि खाडीकाठी एक वेगळीच जात भेटते: मोहरीएवढीही नसलेली चावरी चिलटं. ती डास नव्हेत. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून सहज आत येतात, झुंडीने चावतात आणि त्यांच्या चाव्याची खाज दोन-तीन दिवस टिकते. पहाटे आणि दिवेलागणीला, वारा पडलेला असताना, ओल्या वाळूजवळ आणि खारफुटीच्या आसपास ती असतात.

किनाऱ्याचं वर्ष

नागपुरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर त्याच्या अडीच-तीन पट. जून-जुलैचा धो-धो पाऊस उघड्यावरच्या अळ्या वाहून नेतो, म्हणून त्या दिवसांत डास वाटतात त्यापेक्षा कमी असतात. पण पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली की करवंट्या, टायर, उलटी न केलेली होडी, होडीवरच्या ताडपत्रीचा खळगा, सुपारीच्या गळून पडलेल्या पोवल्या, सगळं भरून राहतं. २८-३० अंशांच्या उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा किनाऱ्यावरचा सर्वांत वाईट काळ. पाऊस थांबून थांबून पडतो, पाणी साचून राहतं, भातखाचरं भरलेली असतात आणि ऑक्टोबरात वाराही पडतो. नागपूरकरांची दिवाळीची सहल नेमकी या काळाच्या शेवटाला येते. तेव्हा पूर्ण तयारीनेच जावं.

डिसेंबर ते फेब्रुवारी त्रास कमी, आणि तो मुख्यतः रात्रीच्या क्युलेक्सचा. मार्च ते मे उघड्यावर डास कमी वाटतात, पण विहिरी खालावतात, वाड्या-वस्त्यांत पिंपांत पाणी भरून ठेवलं जातं आणि त्यात एडिस आरामात वाढतो. मे महिन्यात होमस्टेवर उतरणार असाल तर अंगणातल्या पिंपांवर झाकण आहे का हे पाहाच.

निघण्यापूर्वी घर

दहा दिवस घर बंद राहणं म्हणजे एडिसला एक अख्खी पिढी वाढवायला दिलेली मोकळीक. परतल्यावर पहिला चावा घरातल्याच डासाचा बसतो. निघण्याच्या आदल्या दिवशी एक तास काढा.

कूलरपासून सुरुवात करा, कारण नागपुरात घरातला सर्वांत मोठा साचा तोच आहे. पावसाळ्यात कूलर बंद पडतो पण त्याच्या टाकीच्या तळाला चार बोटं पाणी उरतंच. पाणी काढण्याचं बूच उघडून ते ओता. मोरीत नको, अंगणातल्या कोरड्या मातीवर. मग टाकीच्या आतल्या भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासा, विशेषतः पाण्याची रेष उमटलेली असते तिथे. एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या जरा वर ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात आणि पुढच्या वेळी पाणी भरलं की काही तासांत फुटतात. नुसतं पाणी ओतून कूलर ठेवून दिला तर पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच आठवड्यात डास का होतात, त्याचं कारण हे. घासल्यावर ताट्या काढून उन्हात वाळवा. वुडवुलच्या जुन्या ताट्या टाकून दिलेल्या बऱ्या.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का पाहा. बसत नसेल तर वरून जुनी मच्छरदाणी दुहेरी टाकून सायकलच्या ट्यूबने आवळा. ओव्हरफ्लोच्या पाइपालाही जाळी लागते. हे बहुतेक जण विसरतात. रिकामं करता न येणारं मोठं टाकं किंवा विहीर असेल तर गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या मलेरिया-फायलेरिया विभागाकडे चौकशी करा. वापराचं पण न पिण्याचं पाणी असेल तर टेमीफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे दाणे १०० लिटरला १० ग्रॅम या मापाने चालतात. त्याहून जास्त टाकून फायदा होत नाही.

मग संडास-बाथरूम. बंद घरात कमोडच्या भांड्यातलं आणि मोरीच्या जाळीखालचं पाणी आठ दिवस हलत नाही. कमोडचं झाकण लावून कडेने प्लास्टिकची पिशवी बसवा, मोरीच्या जाळीवर पिशवीत वाळू भरून ठेवा किंवा आत चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला की अळीला श्वास घेता येत नाही. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपाच्या तोंडाला जाळी बांधली नसेल तर आता बांधा. क्युलेक्स तिथूनच वर येतो.

बाकीचं पटकन होतं: फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, गच्चीवरचं टायर किंवा जुनं भांडं. सगळं कोरडं आणि उपडं.

बॅगेत काय घ्यायचं आणि किती

डास पळवणाऱ्या औषधाच्या बाबतीत नावावर जाऊ नका, ट्यूबच्या मागे छोट्या अक्षरात लिहिलेला घटक आणि टक्का वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या क्रीममध्ये बहुधा १२ टक्के डायइथाइल बेंझामाइड असतं. घरच्या संध्याकाळपुरतं ते ठीक, पण किनाऱ्यावरच्या घामात आणि वाऱ्यात दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागेल असं धरून चाला. डीट हा घटक असेल तर १० टक्क्यांचं साधारण दोन तास टिकतं, २० ते ३० टक्क्यांचं चार ते सहा तास. ५० टक्क्यांच्या वर जाऊन संरक्षण वाढत नाही. पिकारिडिन २० टक्के मिळालं तर उत्तम: वास कमी, चिकट नाही आणि प्लास्टिक खराब करत नाही. डीटने गॉगलची काच धुरकट होते, घड्याळाचा प्लास्टिकचा पट्टा चिकट होतो आणि नेलपॉलिश निघतं.

गवती चहा, सिट्रोनेला, कडुनिंबाचं तेल यांचा परिणाम तासाभरात ओसरतो. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं तेल ३० टक्के असेल तर चांगलं काम करतं, पण ते ३ वर्षांखालच्या मुलांना लावू नये. साधं निलगिरी तेल म्हणजे ते नव्हे. मनगटाला बांधायचे सुवासिक पट्टे फार तर मनगट वाचवतात. मोबाइलवर आवाज काढून डास पळवणारं अ‍ॅप, लसूण खाणं, बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांचा उपयोग होत नाही.

आता माप. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला साधारण १ मिलीलिटर औषध लागतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. पोटरीला त्याच्या दुप्पट. हाफ पँट आणि अर्ध्या बाह्या घातल्या तर एका मोठ्या माणसाला एका वेळी ८ मिलीलिटरच्या आसपास हवं. दिवसातून दोनदा, पाच दिवस म्हणजे ८० मिलीलिटर. चौघांच्या कुटुंबाने ५० ग्रॅमची एक ट्यूब नेली तर ती दोन दिवसही पुरत नाही, किंवा जास्त करून इतकी कंजूषी करून लावली जाते की तिचा काही उपयोगच होत नाही. पूर्ण कपडे घातले तर पावलं, हात आणि मानेपुरतं ३ मिलीलिटर पुरतं. कपडे वाढवले की औषध वाचतं, इतका हा हिशेब सरळ आहे.

कपडे फिके आणि सैल. एडिसला गडद रंग खेचतात. अंगाला चिकटलेल्या लेगिंगमधून किंवा ताणलेल्या टी-शर्टमधून तो सहज सोंड घालतो. सुती सैल पायजमा त्यापेक्षा कितीतरी बरा. प्रत्येकाला पायमोज्यांचे दोन जोड घ्या. उन्हासाठी नागपुरात तोंडाला बांधतात तो दुपट्टा बॅगेत असतोच, संध्याकाळी तोच मान आणि कानांभोवती गुंडाळा.

मच्छरदाणी चेन लावायची, उघडमीट होणारी असेल तर हॉटेलात खिळ्यांची गरज पडत नाही. जाळीची वीण दर चौरस इंचाला निदान १५६ भोकांची असावी. खाडीकाठी मुक्काम असेल तर त्याहून बारीक विणीची घ्या, चिलटं तेवढ्यानेच अडतात. सोबत जाळीचं एक मीटर कापड, तीन मीटर व्हेल्क्रो पट्टी, रुंद चिकटपट्टी, सुईदोरा, एक्स्टेंशन बोर्ड, लिक्विड व्हेपोरायझरचं मशीन आणि एक रिफिल. डासांची अगरबत्ती घेताना पाकिटावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. क्रमांक नसलेल्या अगरबत्त्यांत काय जळतंय याचा भरवसा नाही.

खोली निवडताना आणि ताब्यात घेताना

बुकिंगच्या वेळी फोनवर विचारा: खिडक्यांना जाळी आहे का, बाथरूमच्या झरोक्याला आहे का, खोली समुद्राच्या बाजूची की मागच्या भातशेतीच्या, जवळ बांधकाम चालू आहे का, विहीर झाकलेली आहे का. झाडीतलं कॉटेज फोटोत छान दिसतं, पण नारळी-पोफळीच्या वाडीत, केवड्याच्या आणि अननसाच्या पानांच्या बगलांत, झाडांच्या ढोलीत पाणी साचतं आणि पट्ट्यांचे डास तिथे दिवसभर सावलीला टिकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लहान मूल किंवा गरोदर बाई सोबत असेल तर वाडीतल्या झोपडीपेक्षा पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची जाळी असलेली साधी खोली घ्यावी.

खोलीत शिरल्यावर सामान उघडण्याआधी हे करा. दिवे लावा, पडदे हलवा. पलंगाखाली, कपाटाच्या मागे, टीव्हीच्या मागे, लटकवलेल्या गडद टॉवेलवर पाहा; एडिस जमिनीपासून तीन-चार फुटांच्या आत अंधाऱ्या जागी बसतो. बाथरूममधल्या बादल्या ओतून उपड्या करा, फ्लॉवरपॉटमधलं पाणी काढून टाका. डास दिसले तर खिडक्या लावा, पंखा बंद करा, प्रत्येक कोपऱ्यात आणि पलंगाखाली दोन-तीन सेकंद फवारणी करा, बाहेर पडा, वीस मिनिटांनी येऊन खिडक्या-पंखा चालू करून दहा मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच मुलांना आत आणा. मांजर-कुत्रं किंवा माशांचं भांडं असेल त्या घरी फवारणी टाळा. फवाऱ्यात असणारी पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं मांजराला आणि माशांना घातक असतात.

मग भोकं बुजवा. एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथली फट चिकटपट्टीने, झरोका जाळीच्या कापडाने आणि व्हेल्क्रोने, दाराखालची फट टॉवेलने. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचे पाच दिवस त्यावर निभतात.

व्हेपोरायझर झोपण्याच्या अर्धा तास आधी लावा, दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूला, पलंगापासून लांब, खिडकी थोडी उघडी ठेवून. बंद खोलीत कॉइल कधीच लावू नका. एक कॉइल जळताना धुरातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण मोजले गेले आहेत. ते ७५ ते १३७ सिगरेटींच्या धुराएवढे भरले. दम्याच्या माणसाला आणि तान्ह्या मुलाला हा धूर सोसत नाही. कॉइल उघड्या पडवीत ठीक, आणि तीही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे धूर तुमच्याकडे येऊन पुढे जाईल अशी.

मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. जमिनीवर गादी टाकून झोपणार असाल तर ती गादीखाली निदान वीतभर दबली पाहिजे. हात-पाय जाळीला टेकले की डास बाहेरून चावतो, म्हणून चौघांसाठी दोघांची जाळी वापरू नका. आत शिरताना आधी जाळी झटका, झटकन शिरा आणि टॉर्चने आतला कोपरान् कोपरा बघून घ्या. रात्री वीज जाणं किनाऱ्यावरही होतं. तेव्हा मशीन आणि पंखा दोन्ही बंद पडतात आणि जाळीच उरते.

दिवस कसा काढायचा

सकाळी साडेसहा ते नऊ ही किनाऱ्यावर फिरण्याची सुंदर वेळ, आणि एडिसचीही. खोलीबाहेर पडण्यापूर्वीच घोटे, पोटऱ्या आणि कोपरांना औषध लावलेलं असावं. पुळणीवर वाऱ्याला लागलात की त्रास कमी होतो. चावे बसतात ते खोली ते पुळण या वाटेवर, सुरूच्या बनात आणि नाश्त्याच्या टेबलाखाली. टेबलाखाली सावली असते, पाय उघडे असतात आणि हवा थांबलेली असते. बसताना मागून पायांवर पंखा मारता येईल अशी जागा मागा. डास दुबळा उडणारा. साधा पेडस्टल पंखा त्याला टेबलाजवळ टिकू देत नाही, आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइडही पांगवतो, ज्याच्या मागावर तो येतो.

दुपारी समुद्राचं वारं जमिनीकडे वाहत असतं, उन्हात आणि वाऱ्यात डास टिकत नाहीत. सनस्क्रीनचा क्रम इथे महत्त्वाचा. आधी सनस्क्रीन, ती पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायची, मग वरून डास पळवणारं औषध. उलट केलं तर सनस्क्रीन बसत नाही आणि औषध पुसलं जातं. डीट वर लावल्याने सनस्क्रीनची ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते, तेव्हा ती लवकर लवकर लावा. दोन्ही एकत्र असलेल्या बाटल्या घेऊ नका: सनस्क्रीन दर दोन तासांनी लावायची असते, औषध नाही. समुद्रात डुंबून आलात की दोन्ही गेलं असं समजा. गोड्या पाण्याने अंग धुवा, कोरडं पुसा, पुन्हा लावा. ओल्या किंवा खारट अंगावर औषध चढत नाही.

खरी कसोटी सूर्यास्ताची. सगळे नेमके तेव्हा पुळणीवर बसतात आणि नेमकं तेव्हाच समुद्रावरचं वारं मंदावतं. थोड्या वेळाने वारं उलट्या दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतं आणि झाडीतले डास आणि चिलटं पुळणीवर येतात. बसायला जागा सुरूच्या झाडांपासून आणि खाडीच्या मुखापासून निदान तीस-चाळीस मीटर लांब, पाण्याच्या बाजूला घ्या. वाळूवर थेट बसण्यापेक्षा खुर्ची किंवा जाड चादर बरी, चिलटं वाळूलगतच असतात. साडेपाचलाच पूर्ण पायजमा, पायमोजे आणि औषध असं करून निघा. वारा पडला आणि पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत दिसायला लागला की उठा. मद्य घेतल्यावर डास जास्त येतात असं प्रयोगांत दिसलं आहे, घामेजलेल्या अंगावर तर येतातच.

लहान मुलं आणि गरोदर बायका

दोन महिन्यांखालच्या बाळाला कोणतंही औषध लावू नका; त्याला फक्त पूर्ण कपडे आणि इलॅस्टिक लावलेली जाळी, पाळण्यावर आणि बाबागाडीवरही. त्याहून मोठ्या मुलांना मोठ्यांनी आपल्या तळहातावर घेऊन लावावं. बोटांना नको, डोळ्यांजवळ आणि ओठांजवळ नको, खरचटलेल्या जागी आणि कपड्यांखाली नको. चेहऱ्यावर थेट फवारू नये. रात्री जाळीत झोपवण्याआधी साबणाने धुऊन टाका. गरोदर बायकांना डीट आणि पिकारिडिन लेबलवर लिहिल्याप्रमाणे वापरता येतं, आणि वापरलंच पाहिजे. डेंग्यू त्यांना जास्त धोकादायक आहे, आणि झिकाने पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यात सापडला, म्हणजे हा आजार परदेशातला राहिलेला नाही.

चावलंच तर

खाजवू नका. साबण-पाण्याने धुवा, कापडात गुंडाळून बर्फ दहा मिनिटं ठेवा, मग कॅलामाइन. खूप सूज असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन मलम दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवसांपुरतं. मोठ्यांना रात्री सेट्रिझीनची १० मिलिग्रॅमची गोळी चालते, झोप येते हे लक्षात ठेवा. मुलांचं माप डॉक्टरांकडून घ्या. मुलांची नखं निघण्यापूर्वीच कापा. खाजवून फुटलेल्या चाव्यात वाळू गेली की तो पिकतो. भोवतीची लाली पसरत चालली, जागा गरम लागली किंवा पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

परत आल्यावर

सहल संपली तरी कॅलेंडरवर खूण करून ठेवा. डेंग्यूचा ताप चाव्यानंतर बहुधा ४ ते १० दिवसांत येतो, चिकनगुनियाचा ३ ते ७ दिवसांत, मलेरिया आठवड्यापासून महिन्यापर्यंत कधीही. त्यातला व्हायवॅक्स प्रकार कित्येक महिन्यांनीही डोकं वर काढतो. म्हणून पुढचा महिनाभर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: अमुक तारखेला किनाऱ्यावर होतो. नागपुरात नोव्हेंबरातला ताप हवा बदलल्याचा समजला जातो आणि तिथे दिवस वाया जातात.

ताप आल्याच्या दिवशीच मलेरियासाठी रक्त तपासून घ्या; मेयो आणि मेडिकलसारख्या सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते. डेंग्यूची एनएस-१ चाचणी, म्हणजे विषाणूचं प्रथिन शोधणारी, पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची; त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी. पहिल्या दिवशी आयजीएम करून ती निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही असं होत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून सांधे कितीही दुखले तरी डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत त्या घेऊ नका. आणि ताप उतरला की सुटलो असं मानू नका. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमाराचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. पोटात सतत जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय गाठा.

तापाच्या माणसाला पहिले सात दिवस, दिवसाही, मच्छरदाणीतच ठेवा. त्याच्या रक्तात विषाणू आहे तोवर त्याला चावलेला मोहल्ल्यातला एडिस साधारण आठ-बारा दिवसांनी स्वतः आजार पसरवायला लागतो. २०२४ साली नागपुरात चिकनगुनियाची साथ आली तेव्हा एकाच गल्लीत घरामागून घर आजारी पडताना लोकांनी पाहिलं आहे. आणि घर उघडलं त्याच दिवशी नळ, कमोड, मोरी वाहतं करा, कुंड्यांच्या ताटल्या बघा, गच्चीवर एक चक्कर मारा. टॉर्चचा उजेड पाण्यावर टाकला की अळ्या वळवळत खाली जाताना दिसतात.